दुकानाची पाटी आणि यंत्राने काढलेले चित्र

(एकलहरे येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न पडला. शिक्षण, विवाहखर्च, वसतिगृह या विषयांवर अधिकारी वक्ते बोलणारच आहेत. आम्ही एका लहानशा गोष्टीवर बोलणार आहोत. ती गोष्ट म्हणजे दुकानाची पाटी.

हा विषय येथेच का घ्यावा, ते सांगतो. गोदाकाठच्या या एकलहऱ्यात १९७० साली औष्णिक विद्युत केंद्राचा १४० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला व १९७१ साली दुसरा. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची चूल त्या धुराड्याच्या आधाराने पेटली. परंतु पहिले दोन संच आता कायमचे बंद झाले आहेत, आणि वडिलांच्या जागी मुलगा नोकरीस लागेल हा भरवसा उरलेला नाही. म्हणून आपली मुले दुकाने काढीत आहेत. दुकान म्हटले की भांडवल आले, आणि ते बहुधा वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून येते. पाटीचा खर्च त्यातलाच एक भाग आहे.

पूर्वी पाटी कशी दिसेल हे पेंटर कागदावर रेखाटून दाखवी. २०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेची चित्रे काढणारी साधने सर्वसामान्यांच्या हाती आली. आता दुकानाच्या इमारतीचे छायाचित्र मोबाइलवर घ्यावे, अशा रंगाची, अशा नावाची पाटी लाव असे लिहावे, की क्षणार्धात पाटी लावलेली इमारत समोर उभी राहते. पैसा खर्चण्यापूर्वी फळ डोळ्यांनी पाहावयास मिळावे, ही सोय लहान नव्हे. आम्ही तिचे स्वागतच करतो.

तथापि आमच्याच घरी जे घडले ते सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

आमच्या पुतण्याने विजेची उपकरणे दुरुस्त करण्याचे दुकान काढले. त्याने असेच चित्र काढून आम्हांस धाडले. आम्ही त्या वेळी एका लग्नघरी होतो. पंगतीत बसल्या बसल्या अर्धा मिनिट ते चित्र पाहिले आणि "फारच सुंदर!" असे कळवून मोकळे झालो. त्याने काकांचा होकार मिळाला असे समजून, चित्राबरहुकूम धातूची अक्षरे कापून घेतली. पाटी लागली त्या दिवशी आपल्या समाजातील एक वयोवृद्ध पेंटर, ज्यांनी आयुष्यभर पाट्या रंगविल्या, रस्त्यापलीकडे उभे राहून म्हणाले, "बाळ, 'विद्युत' कोठे आहे?"

आम्ही पाहिले. 'द्यु' या जोडाक्षराची गाठ सुटून, उकार गळून, तेथे 'विदयत' असे झाले होते. एवढ्यावर भागले नाही. दुकानासमोर कडुनिंबाची फांदी आहे. यंत्राने चित्रातून ती गुपचूप पुसून टाकली होती. त्यामुळे निम्मी पाटी रस्त्यावरून दिसतच नव्हती. आमचे बंधू एक शब्दही बोलले नाहीत. तो खर्च त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतला होता.

दोष कोणाचा? पाटी करणाऱ्याने सांगितले तसेच केले. मुलगा नवखा. दोष प्रथम आमचा, कारण न वाचता होकार आम्ही दिला.

असे का होते, हे आम्ही जाणकारांस विचारले. छापखान्यात किंवा संगणकावर आपण 'विद्युत' टंकलिखित करतो, तेव्हा अक्षराचा साचा कोणा माणसाने आधीच विचारपूर्वक आखून ठेवलेला असतो. आपले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आखलेला 'मंगल' हा टंक त्यांपैकीच एक होय. चित्र काढणारे यंत्र मात्र असा साचा घेत नाही. असंख्य चित्रे पाहून पाटी साधारणतः कशी दिसते याचा त्याला अंदाज आलेला असतो, आणि त्या अंदाजाने ते अक्षरांसारखे आकार रंगविते. देवनागरीतील जोडाक्षरे, रफार, वेलांट्या येथे हा अंदाज चुकतो. ही साधने दिवसेंदिवस सुधारत आहेत हे खरे. परंतु अक्षर वाचून पाहण्याचे काम आपले आपणच केले पाहिजे. फांदीचेही तसेच. यंत्राला सुंदर चित्र हवे असते, आपणांस खरी भिंत हवी असते.

यावरून आम्ही जे शिकलो ते क्रमाने सांगतो. छायाचित्र अगदी समोरून घ्यावे, आणि भिंतीशी एक मीटरची पट्टी धरून घ्यावे, म्हणजे प्रमाण कळते. यंत्राकडून रंग, जागा व आकार पाहून घ्यावा, पण पाटी कोरी ठेवावयास सांगावी. नाव नंतर खऱ्या टंकातून बसवावे. फांदी, तारा, शेजाऱ्याची खिडकी चित्रात जागच्या जागी आहेत ना, हे मूळ छायाचित्राशी ताडून पाहावे. पाटी करणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे, की दहा फुटांच्या अंतरामागे अक्षराची उंची एक इंच धरावी; म्हणजे साठ फुटांवरून वाचावयाचे तर सहा इंच. आपल्या लिपीत वर वेलांटी व खाली उकार येतो, त्यासाठी जागा निराळी सोडावी. शेवटी नाव घरातील तिघांनी मोठ्याने वाचावे, आणि मगच पैसे द्यावेत.

कायद्याकडेही लक्ष असावे. दुकाने व आस्थापना यांविषयीच्या आपल्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ साली सुधारणा झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही देवनागरी लिपीत मराठी पाटी बंधनकारक आहे. अन्य भाषेत नाव लिहिण्यास हरकत नाही. परंतु मराठी अक्षरे त्याहून लहान असता कामा नयेत. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना अशा पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, हे आपण वृत्तपत्रांतून वाचलेच असेल. आपण मात्र दंडाच्या भयाने नव्हे, तर आपले गिऱ्हाईक मराठी वाचते म्हणून मराठी शुद्ध लिहावे.

आता त्या वृद्ध पेंटरांविषयी. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे कुंचले पेटीत पडून होते. आमच्या पुतण्याने त्यांच्याच पायांशी जाऊन क्षमा मागितली आणि नवी अक्षरे आखून देण्याची विनंती केली. त्यांनी आखून दिली. पाटी आता फांदीच्या डावीकडे, थोडी खाली आहे. चित्रातल्याइतकी ती झळाळत नाही. पण नाव नीट वाचता येते. मुलगा आज अन्य तरुणांस यंत्राने चित्रे काढून देतो, आणि अक्षरे तपासण्यासाठी त्यांना आजोबांकडे पाठवितो. दोघांसही चार पैसे मिळतात.

बंधुभगिनींनो, आपल्या मुलांनी नवीन साधने अवश्य हाती घ्यावीत. आम्हां वडीलधाऱ्यांचे कर्तव्य एवढेच, की मुलाने चित्र दाखविले तर पंगतीत बसून मान न डोलविता, चष्मा लावून ते अक्षर अक्षर वाचावे. पाटीवर जे नाव लागते ते दुकानाचे असले, तरी लोक त्यावरून घराण्याला ओळखतात.