देवांचा अभ्यास कोणी करावयाचा?



‘निरनिराळ्या धर्मांचा शास्त्रीय अभ्यास’ हा विषय आम्ही बोलावयास घेतला आहे, हे ऐकून काही मित्रांनी शंका काढली. कामगार संघटनेच्या माणसाने पगार, बोनस, कामाचे तास यांवर बोलावे. देवाधर्माशी त्याला काय कर्तव्य? शंका रास्त आहे. परंतु शहापूर-मुरबाडकडच्या कारखान्यांत येणारा मनुष्य आपला देव फाटकाबाहेर ठेवून येत नाही. पगारी सुट्ट्यांची यादी करावयास बसले म्हणजे हे ध्यानात येते. कोणाला म्हशाच्या जत्रेची सुट्टी हवी असते, कोणाला ईदची, कोणाला धम्मचक्र प्रवर्तन दिनाची, कोणाला वाघबारशीची. प्रत्येकाला वाटते, आपला सण अनादि आणि दुसऱ्याचा मागाहून आलेला. शेजारी उभे राहून काम करणाऱ्यांना एकमेकांच्या धर्माविषयी ऐकीव गोष्टींखेरीज काही ठाऊक नसावे, ही संघटनेच्या दृष्टीने धोक्याची गोष्ट आहे. म्हणून हा विषय आमचाही आहे.

धर्माचा विचार दोन जागी उभे राहून करता येतो. शास्त्री, मौलवी, पाद्री, भिक्खू हे आपापल्या धर्माच्या आत उभे राहून त्याचा अर्थ लावतात. ती विद्या थोर आहे. दुसरा संशोधक. त्याची स्वतःची श्रद्धा असेल वा नसेल. तो विचारतो, हे नाव प्रथम कोठे लिहिलेले आढळते? हे देऊळ कोणाच्या पैशाने उभे राहिले? ही चाल शेजाऱ्याकडून आली की आपल्याकडून शेजाऱ्याकडे गेली? कारखान्यातील मस्टर पाहून कोण किती वाजता कामावर आला ते सांगता येते. त्याच्या मनात काय होते ते सांगता येत नाही. संशोधनाचेही तसेच आहे. देवाचे नाव शिळेवर केव्हा आले हे ते सांगेल. देव हाक ऐकतो की नाही, हा त्याच्या कक्षेतला प्रश्न नव्हे. एवढी मर्यादा ओळखली की निम्मे भांडण मिटते.

ही विद्या आपल्याकडे केवळ पंडितांच्या कौतुकासाठी आलेली नाही. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले आणि १९०३ पर्यंत त्यांनी तेथे तौलनिक धर्माचा अभ्यास केला. परत आल्यावर त्यांनी १९०६ साली अस्पृश्यांसाठी मिशन काढले आणि परळच्या गिरणभागात शाळा सुरू केली. सर्व धर्मांची तुलना करून आलेला मनुष्य गिरणीकामगारांच्या वस्तीत गेला, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. या काळात त्यांनी धर्म पारखून घेतले. त्यांचा बुद्ध आणि धम्म यांवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापुढे प्रश्न लाखो माणसांनी कोणत्या धर्मात मानाने जगावे, हा होता.

आता आपल्या दाराशी येऊ. मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट चढते. माथ्यावरचा जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तेथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा, ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. ब्यूलर या जर्मन पंडिताने केलेले त्याचे वाचन १८८३ साली प्रसिद्ध झाले. आरंभी नमस्कार आहेत : धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवाला, चंद्रसूर्यांना, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. पुढे अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या हजारो गाई, हत्ती, गावे व कार्षापण नाणी यांची यादी आहे. वासुदेवभक्तीचा हा फार जुना कोरीव पुरावा. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९१३ सालच्या आपल्या वैष्णव-शैव पंथांवरील ग्रंथात भक्तीचा इतिहास मांडला तो अशाच लेखांच्या आधारे.

हाच घाट चढून जुन्नरला जावे, तर डोंगरोडोंगरी बौद्ध लेणी आहेत. तेथील दात्यांत यवन आहेत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने तेथे सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी रक्कम ठेवल्याची नोंदही आहे. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातल्या लोकांची संघटना. लोकांनी विश्वासाने पैसा ठेवावा एवढी पत बुरूड-कासारांच्या संघटनेची दोन हजार वर्षांपूर्वी होती, हे वाचून आमच्यासारख्याला केवढा धीर येतो! एकाच वाटेवर यज्ञ करणारी राणी आणि बुद्धाच्या संघाला दान देणारे कारागीर नांदले. ती वाट होती कल्याण-सोपाऱ्याच्या मालाची. धर्म आकाशातून बोलला असेल. पण त्याची लेणी घामाच्या आणि जकातीच्या पैशातून उभी राहिली. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पायी हिंडून लेणी, व्यापाराच्या वाटा आणि ग्रामदेवता यांची सांगड घातली, तिचे मर्म हेच.

मराठी भाषेने तर कोणताही धर्म परका मानला नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, ते ओवीत आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान, आणि ‘योगसंग्राम’ त्यांचा. रा. चिं. ढेरे यांनी १९६७ साली मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे १९८४ साली विठ्ठलावरील ग्रंथात या दैवताची मुळे गवळी-धनगरांच्या जीवनात शोधली. त्याने वारीतला एकही वारकरी कमी झाला नाही. उलट, विठोबा आपलाच, हे मेंढरामागे चालणाऱ्याला पुराव्यानिशी सांगता आले.

मात्र हा सर्व अभ्यास लिहिलेल्या अक्षरापाशी अधिक रमला. ज्यांच्याजवळ शिळाही नाही आणि पोथीही नाही त्यांचे काय? आपल्याकडे ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या पाड्यांच्या शिवेवर वाघोबा उभा असतो. लाकडावर वा दगडावर वाघ, वर चंद्रसूर्य. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, पालघर आणि ठाणे भागांतील वारल्यांच्या दीडशे वाघोबास्थानांची नोंद झाली. काम उत्तमच आहे. पण आमचा सवाल असा : यापुढची नोंद पाड्यावरच्या शिकलेल्या मुलामुलींनी का करू नये? आपला देव दुसऱ्याच्या वहीत केवळ एक आकडा होऊन बसला, तर त्याचा अर्थही दुसराच ठरवणार. रस्त्याला, धरणाला जमीन गेली की शिवेवरचा दगड हलतो आणि म्हातारी माणसे गेली की त्याची गोष्ट जाते. मग ‘येथे काही नव्हतेच’ असे कोणी म्हटले, तर आपण काय दाखवणार?

एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला केला आणि ग्रंथांची नासधूस केली. निमित्त होते एका अमेरिकी धर्माभ्यासकाच्या पुस्तकाचे. पुस्तकातले विधान चुकीचे वाटले तर निषेध करावा, पुरावा मागावा, उलट पुरावा छापावा. संपाची सवय असलेली माणसे आम्ही. राग आम्हांला कळतो. पण यंत्र फोडणारा कामगार स्वतःचीच भाकर फोडतो, तसा पोथी फाडणारा स्वतःचाच साक्षीदार मारतो.

या गावात वाचनालय आहे, शाळा-कॉलेजे आहेत. प्रत्येक पाड्याच्या देवाची, उरुसाची, विहाराची, जत्रेची एक वही घालावी. नाव, ठिकाण, सांगणारा कोण, मान कोणाचा, खर्च कोणाचा, एवढेच प्रश्न विचारावेत. ठाकराच्या मुलाने उरुसाची माहिती लिहावी, मुसलमानाच्या मुलीने वाघबारशीची. लिहिण्यासाठी विचारावे लागते, आणि विचारण्यासाठी दुसऱ्याच्या ओटीवर बसावे लागते. तेथे बसून आलेल्या माणसाला पुढच्या वर्षी सुट्ट्यांच्या यादीवर भांडण लावून फोडणे कोणालाही जड जाईल.