दाढीच्या ब्रशाची पारख

सकाळच्या या घटकेला आपल्यापैकी कित्येकजण आरशापुढे उभे असतील. एका गालावर फेस, दुसरा कोरडा, आणि कान आकाशवाणीकडे. त्यांनी हातचे काम थांबवू नये, कारण आजचा विषय त्यांच्या हातातल्या ब्रशाचाच आहे. चित्रकाराच्या साधनाला आपण कुंचला म्हणतो. दाढीच्या साधनाला तो शब्द कोणी बहाल केला नाही, आणि मीही तशी शिफारस करीत नाही.

दुकानात गिऱ्हाईक ब्रशाच्या केसांवरून अंगठा फिरवते, मऊ लागला की पसंत करते आणि दाम मोजते. वाटीत फेस घुसळून मग तो चेहऱ्यावर चोपडणाऱ्यांना ही परीक्षा पुरेशी असेल. परंतु ज्यांना साबण गालावरच घोळायचा आहे, त्यांनी अंगठ्याची साक्ष ग्राह्य धरू नये. दाढीच्या खुंटांच्या मुळाशी फेस पोचवायचा तर केसांना कणा हवा. तळहातावर दाबून सोडताच जो तत्काळ सावरून उभा राहतो, तो ब्रश कामाचा. केसांची जुडी बुडाशी पाऊण ते एक इंच जाड असावी आणि मुठीवर सुमारे दोन इंच उंच. याहून उंच झुबका दिसण्यास भारदस्त खरा, पण गालावर लोळू लागतो.

डुकराचा केस जात्याच राठ. तो पाणी स्वतःच्या अंगात शोषून घेतो, म्हणून दाढीपूर्वी दोन-तीन मिनिटे त्याला कोमट पाण्यात ठेवणे अगत्याचे. वापराने त्याची टोके दुभंगतात, आणि काही आठवड्यांत हाच उर्मट केस टोकाशी मृदू व बुडाशी ताठ होतो. (आमच्या वडिलांच्या ब्रशाला न्हाणीघराबाहेर येण्यास आजीची सक्त मनाई होती, तो कशाचा आहे ही बातमी तिला कोणी दिली, हे अखेरपर्यंत उघडकीस आले नाही.) बॅजर नावाच्या प्राण्याचा केस टोकाशी पांढरा, मध्ये काळा आणि बुडाशी पुन्हा फिका, तो केसाकेसांच्या मधल्या जागेत पाणी धरून ठेवतो, म्हणून त्याची किंमतही तशीच. पहिल्या महायुद्धात या केसांची आवक अडली तेव्हा घोड्याच्या केसांच्या नकली ब्रशांचा सुळसुळाट झाला, आणि नीट निर्जंतुक न केलेल्या केसांतून ॲन्थ्रॅक्सची, म्हणजे गुरांना होणाऱ्या काळपुळीची, बाधा इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना व नागरिकांना दाढी करता करता झाली. १९२० साली जपानी ब्रशांच्या आयातीस ब्रिटनमध्ये मनाई करण्यात आली, ती याच धास्तीने.

आता प्रत्यक्ष कृती. चेहरा आधी भरपूर भिजवावा, कारण केस कापण्याजोगा नरम होतो तो पाण्याने, आणि फेसाचे मुख्य काम ते पाणी गालावर धरून ठेवणे व पात्याची वाट निसरडी करणे हेच आहे. भिजलेला ब्रश एकदोनदा झटकून साबणाच्या वडीवर वीस-तीस गरके फिरवावा. येथे केलेली कंजुषी पुढे कशानेही भरून निघत नाही. मग गालावर हलक्या हाताने वर्तुळे काढावीत. आरंभी जो चिकट लेप दिसतो त्याला फेस समजून वस्तऱ्याला हात घालणारे पुष्कळ असतात, आणि नंतर तुरटी शोधणारेही तेच. ब्रशाची टोके थेंब-दोन थेंब पाण्यात बुडवून पुन्हा घोळावे, पुन्हा बुडवावे. बुडबुडे मोडून लेपाला सायीसारखी झळाळी आली की पाणी थांबवावे. गालावर घोळण्याचा लाभ हा की किती पाणी पुरे, हे कातडी स्वतःच सांगते. विहिरीचे जड पाणी असेल तर साबण थोडा अधिक लागतो. मात्र ब्रश मुठीपर्यंत चिरडू नये, केस बुडाशी तुटतात.

दाढी उरकल्यावर ब्रश धुऊन, पिळवटून न टाकता नुसता दाबून, वाऱ्याला ठेवावा. एक गृहस्थ ओला ब्रश डबीत कोंडून रेल्वेच्या लांबच्या प्रवासाला निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबी उघडली, तेव्हा समोरच्या बाकावरच्या उतारूने काही न बोलता खिडकीची काच वर सारली.