सोळा वर्षांनी परतलेला आवाज

श्रोतेहो, आज ज्या संगीताविषयी मी बोलणार आहे, ते आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले नसेल. आणि ज्यांच्या कानांवर ते चुकून पडले असेल त्यांनी बहुधा लगेच रेडिओची खुंटी पिरगाळली असेल. त्यात रागावण्यासारखे काही नाही. पण एसटीच्या खिडकीशी बसून कानात बोंडे घातलेली आपली पोरे जे ऐकतात, त्यात हेही संगीत असते. मग ते आहे तरी काय, आणि त्याचे ऐकणारे त्याच्यावरून एवढ्या हिरिरीने का भांडतात, हे समजून घ्यायला काय हरकत आहे?

या संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ म्हणतात. ‘मेटल’ म्हणजे विजेवर चालणाऱ्या गिटारींचा जड, खरखरीत नाद आणि त्याखाली पायाने व हातांनी मिळून वाजवलेल्या ढोलांचा मारा. त्याला ‘प्रोग्रेसिव्ह’ हे विशेषण लागले म्हणजे गाणे तीन मिनिटांत आटोपत नाही. ते दहा-बारा मिनिटे चालते, वाटेत लय बदलते, गर्जनेतून एकदम कुजबुजीवर येते. सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल आपल्या भजनी मंडळालाही परके नाहीत. तिकडच्या बाजारी गाण्यांना मात्र चाराच्या मोजणीची सवय. त्यामुळे पाच किंवा सात मोजावे लागले, की तिकडच्या ऐकणाऱ्याला वाटते, काहीतरी मोठे चालले आहे. ते खरेही असते, नेहमी नसते.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. तिथे 1990 च्या सुमारास एक वाद्यवृंद उभा राहिला, त्याचे नाव ओपेथ. विल्बर स्मिथ यांच्या ‘द सनबर्ड’ या इंग्रजी कादंबरीतल्या एका काल्पनिक नगरीवरून ते नाव आले. वृंदाचा नायक मिकाएल ऑकरफेल्ट. गाणी तोच रचतो, गिटार तोच वाजवतो आणि गातोही तोच. या गृहस्थाच्या गळ्यात दोन माणसे राहतात, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. एक स्वच्छ, मऊ, काहीसा उदास आवाज. आणि दुसरा पोटातून उठणारा, शब्द चावून टाकणारा, गुरगुरता. या दुसऱ्याला तिकडे ‘ग्राउल’ म्हणतात. आपण गुरगुर म्हणू. ती नुसती ओरड नव्हे, बरे का! छातीतला श्वास धरून, मूळ स्वरतंतूंच्या वर ज्या घड्या असतात त्या थरथरवून हा आवाज काढतात, आणि नीट न शिकता कोणी काढू गेला तर दोन दिवसांत घसा बसतो.

2001 साली या वृंदाचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ हा अल्बम आला. अल्बम म्हणजे एकत्र निघालेल्या गाण्यांची तबकडी, एवढे समजले की पुरे. त्याच नावाचे त्यातले शेवटचे गाणे बारा मिनिटांचे आहे. गुरगुर आणि मऊ गळा यांची अदलाबदल त्यात अशी जमली होती की जगभरच्या हजारो तरुणांनी ही तबकडी उराशी धरली. मी ‘उराशी’ म्हणतो ते उगीच नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी, घरात कोणाशी बोलता येत नाही अशा काळात, एखादे संगीत सोबतीला बसते. ते पुढे नुसते संगीत राहत नाही, ओळखीचे माणूस होऊन बसते. आणि ओळखीच्या माणसाने न सांगता घर बदलले तर आपण काय म्हणतो?

2011 साली नेमके तेच झाले. त्या वर्षी ‘हेरिटेज’ निघाला. त्यात गुरगुर नाही. एका ओळीतसुद्धा नाही. ऑकरफेल्टचे मन 1970 च्या दशकातल्या जुन्या रॉक संगीतात रमले होते, आणि तोच रंग गाण्यांत उतरला. तबकडीच्या वेष्टनावर एक झाड काढलेले होते. फांद्यांना फळांऐवजी वादकांची डोकी, आणि मुळे थेट नरकापर्यंत गेलेली. आमची मुळे त्या काळोख्या संगीतात आहेत, एवढे त्याने चित्रातून कबूल केले होते. पण ऐकणाऱ्यांना मुळे नको होती, फळे हवी होती! त्यातच, पुढे जे जलसे झाले त्यांतही सुरुवातीला गुरगुरीची जुनी गाणी गाळलेली. मग काय विचारता. कोणी म्हणाले, गळा गेला. कोणी म्हणाले, म्हातारपण आले. कोणी म्हणाले, आम्हाला फसवले. पुढे रंगमंचावर जुनी गाणी परत आली, त्यांच्याबरोबर गुरगुरही आली, आणि ‘गळा गेला’ हे मत तिथल्या तिथे निकालात निघाले. मग उरला तो प्रश्न अधिक अवघड झाला: गळा आहे, मग का गात नाहीस?

इथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. याच वृंदाचा 2003 सालचा ‘डॅम्नेशन’ नावाचा अल्बम आहे. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मऊ आहे. त्यातही गुरगुर नाही. आणि ज्यांनी ‘हेरिटेज’ला नावे ठेवली त्यांच्यातलेच कितीतरी जण ‘डॅम्नेशन’वर जीव टाकतात. म्हणजे गुरगुर नसणे हे रागाचे खरे कारण असूच शकत नाही. मला दिसते ते असे, की ‘डॅम्नेशन’ म्हणजे माहेरपणाला जाणे होते. त्याच्या जोडीचा ‘डिलिव्हरन्स’ हा दणदणीत अल्बम नुकताच, 2002 साली, हातात पडलेला होता, आणि पाहुणा परत येणार हे सर्वांना ठाऊक होते. ‘हेरिटेज’च्या वेळी परतीचे तिकीट दिसेना. रुसवा होता तो आवाजाचा नव्हता, जाण्याचा होता. पण ऐकणारा तसे म्हणत नाही. तो म्हणतो, “गाणी वाईट आहेत.” मत आणि मनातली गोष्ट यांत असे अंतर पडते, आणि ते फक्त स्वीडनमध्येच पडते असे नाही.

त्यानंतर 2014, 2016 आणि 2019 या सालांत आणखी तीन अल्बम आले. तिन्ही बिनगुरगुरीचे. त्यातला 2019 चा, ‘इन कौडा वेनेनम’, स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघाला. गंमत अशी की स्वीडिशचा एक शब्दही न कळणाऱ्या अनेकांनी स्वीडिश तबकडीच पसंत केली. गाणाऱ्याच्या तोंडी त्याची भाषा आली की आवाज मोकळा होतो, हे त्यांच्या कानांनी ओळखले. आपल्याला हे नवल वाटू नये. कानडी न येणारी कितीतरी मराठी माणसे कानडी पदाला माना डोलावतात.

आणि मग 2024 चा नोव्हेंबर उजाडला. ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’, म्हणजे ‘मृत्युपत्र’, हा अल्बम आला, आणि त्यात गुरगुर होती. अल्बमवर ती यापूर्वी ऐकू आली होती 2008 साली. सोळा वर्षांनी!

गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातली. एक श्रीमंत, करारी बाप वारतो. वाड्यात त्याचे मृत्युपत्र वाचले जाते. ऐकायला जुळी भावंडे आहेत, आणि त्या घरात वाढलेली पोलिओ झालेली एक अनाथ मुलगीही आहे. ती इथे कशाला, असे जुळ्यांच्या मनात येते. वाटणीपत्र, तलाठी, सातबारा यांच्या सहवासात वाढलेल्या आपल्या माणसांना यापुढे काय होऊ शकते हे वेगळे सांगायला नको! पहिल्या सात गाण्यांना नावेच नाहीत. कायद्याच्या पुस्तकात कलमापूर्वी जी खूण घालतात ती खूण आणि आकडा, एवढेच: कलम एक, कलम दोन, असे सातपर्यंत. आठव्याला मात्र नाव आहे. त्यात जे उलगडते ते मी सांगणार नाही. जेथ्रो टल या जुन्या इंग्रजी वृंदाचे इअन अँडरसन, 1947 सालचा जन्म, मृत्युपत्रातला मजकूर भारदस्त आवाजात वाचतात आणि बासरीही वाजवतात. सगळे मिळून सुमारे 51 मिनिटे. एकही गाणे आठ मिनिटांना पोचत नाही.

आता मते. सोळा वर्षे जे मागितले ते मिळाल्यावर भांडण मिटावे की नाही? मिटले नाही. पुष्कळांना आनंद झाला, हे खरे, आणि तो आनंद मनापासूनचा होता. पण लगेच दुसरा पक्ष उभा राहिला. त्याचे म्हणणे असे की गुरगुर आली तरी जुने ओपेथ आलेले नाही. खालचे संगीत 2011 पासूनचेच आहे, वरून चटणी वाढली आहे. तिसरा पक्ष याला उत्तर देतो की गुरगुर इथे चटणी नाहीच, ते पात्र आहे. मेलेला बाप बोलू लागला की तो आवाज येतो. म्हणून ती मोजकी आहे, आणि मोजकी आहे म्हणून अंगावर येते. चौथा एक गट आवाजाच्या वादात पडतच नाही. तो म्हणतो, नवा ढोलवादक ऐका. वाल्टेरी वायरिनेन नावाचा हा फिनलंडचा तरुण 2022 साली वृंदात आला, आणि त्याच्या हातांमुळे गुंतागुंतीची लयसुद्धा हलकी वाटते. काहींची तक्रार आहे की गोष्ट इतकी दाटीवाटीने भरली आहे की गुणगुणायला धृपद उरत नाही. ही तक्रार मला रास्त वाटते. दोनदा ऐकून हाती काही लागत नाही, तिसऱ्यांदा लागते. पण तिसऱ्यांदा ऐकण्याइतकी सवड प्रत्येकाला कुठून असणार?

तिसऱ्या पक्षाचे म्हणणे मला सर्वांत वजनदार वाटते, आणि त्याचे कारण तो माझ्या आवडीचे बोलतो हे नव्हे. तो गाण्यात बोट ठेवून दाखवतो: इथे बाप बोलतो, इथे मुले. दुसऱ्याला ते पटले नाही तर त्यालाही त्याच जागेवर बोट ठेवून उत्तर देता येते. ‘जुने राहिले नाही’ म्हणणाऱ्याशी असे बोलता येत नाही, कारण त्याचे जुने त्याच्या स्वतःच्या सोळाव्या वर्षात आहे, आणि तिथे दुसऱ्याला प्रवेश नाही. तरीही त्याला हसू नये. ज्याने कधी काही उराशी धरलेच नाही, त्याला जुन्याची हळहळही होत नाही.

शिक्षकबंधूंनो, वर्गात एखादे गाणे, मग ते कोणतेही असो, दोनदा लावून पाहा. पहिल्यांदा ऐकल्यावर मुलांना फक्त आवडले की नाही ते लिहू द्या. दुसऱ्यांदा ऐकताना ते नेमके कोणत्या जागी आवडले किंवा खटकले, ती जागा लिहायला सांगा. काही मुलांचे मत तेवढ्यातच बदलेल. काहींचे बदलणार नाही, पण त्यांना ते सांगता येईल. कोणी म्हणेल, “गुरुजी, जागा सापडत नाही, तरी आवडले.” त्याचे गुण कापू नका.

आणि कोणाला हा अल्बमच ऐकायचा असेल तर रात्री, जेवणे झाल्यावर, एकट्याने ऐकावा. घरात लहान मूल निजलेले असेल तर कानात बोंडे घालून. पहिली तीन कलमे म्हणजे पाव तासाहून थोडा अधिक वेळ. ती सोसली की चौथ्यात बासरी येते.