कर्ता माणूस गेल्यावर : वारसांची नोंद आणि अज्ञान मुलांचा हिस्सा



एरवी मी आपल्याशी बोलतो ते बियाण्याबद्दल, खताच्या मात्रेबद्दल, नाहीतर बोंडअळीबद्दल. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तोही शेतीचाच आहे. घरचा कर्ता माणूस गेला, तर मागं राहिलेल्यांनी जमिनीच्या कागदांचं काय करायचं, कुठल्या कामाला कुठल्या कचेरीत जायचं, आणि लहान मुलांचा हिस्सा कसा राखायचा, हे आज पाहू.

हा विषय शेतकी खात्याच्या माणसानं का घ्यावा, असं कुणी विचारील. कारण आमचं काम शेवटी याच ठिकाणी येऊन अडतं. रान चांगलं, माणूस कष्टाळू, पण सात-बारा अजून आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन वीस वर्षं झालेली. मग पीककर्ज अडतं, अतिवृष्टीची भरपाई अडते, शेतकरी ओळख क्रमांक निघत नाही. शेतकरी अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात. त्याचा प्रस्ताव तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो आणि त्याला वारसाची नोंद जोडावी लागते. म्हणजे ज्या दिवसांत घर दुःखात बुडालेलं असतं, त्याच दिवसांत हे कागद लागतात. म्हणून त्यांची माहिती आधीच हवी.

पहिलं काम मृत्यूच्या नोंदीचं. ही नोंद ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांच्या आत करावी आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवाव्यात. माणूस शहरातल्या दवाखान्यात गेला असेल तर नोंद त्या शहराच्या नगरपालिकेत होते. नाव मात्र सात-बारावर आहे तसंच लिहून घ्या. एका कागदावर 'बापू' आणि दुसऱ्यावर 'बापूराव' असलं, की पुढं प्रत्येक टेबलावर खुलासा देत बसावं लागतं.

दुसरं काम वारस नोंदीचं. ती तलाठ्याकडे होते. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण काम तेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे जमिनीत हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. तीन महिने उलटले म्हणून वारसाचा हक्क जात नाही, पण उशीर झाला की साक्षीदार आणि कागद दोन्ही जुने होतात. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि मृताशी नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, सात-बारा आणि आठ-अ जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. आता ई-हक्क प्रणालीवरूनही असा अर्ज करता येतो.

तलाठी चौकशी करून वारसांची नावं गाव नमुना ६-क मध्ये घेतात. मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो, नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात आणि सात-बारावर नावं चढतात. हरकत आली तर नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. निकाल पटला नाही तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. २०२५ साली सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, ती अशाच राहून गेलेल्या नोंदींसाठी.

आता वारस कोण, ते नीट पाहू. मी सांगतो तो कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. मुसलमान आणि ख्रिस्ती बांधवांचे वारसाचे नियम वेगळे आहेत.

समजा, एका शेतकऱ्याची स्वतः खरेदी केलेली पाच एकर जमीन आहे. मृत्युपत्र न करता तो वारला. मागं आई, बायको, वीस वर्षांचा मुलगा, लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी आणि बारा वर्षांचा धाकटा मुलगा आहे. तर वारस किती? पुष्कळजण सांगतील, दोन मुलगे. ते चूक आहे. वारस पाच आहेत आणि पाचांचा हिस्सा सारखा, म्हणजे एकेक एकर. म्हातारी आईसुद्धा वारस आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात नसतं. मुलीला बापाच्या स्वकष्टाच्या जमिनीत १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलाएवढा हिस्सा आहे. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीनं तिला जन्मापासूनचा हक्क मिळाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तो पक्का केला. लग्नानं हा हक्क जात नाही.

तेव्हा अर्जात पाचही नावं घाला. थोरल्या मुलाच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढंच लावून बाकीच्यांना बाहेर ठेवू नका. ते आज सोपं वाटतं, पण पुढच्या पिढीत त्यातूनच दावे उभे राहतात.

बहिणीला हिस्सा नको असेल तर तिनं हक्कसोडपत्र करून द्यावं. पण ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं पाहिजे आणि तिनं ते राजीखुशीनं, वाचून-ऐकून केलेलं पाहिजे. तेराव्याला जमलेल्या बायकांचे कोऱ्या कागदावर अंगठे घ्यायचे, ही रीत बरी नव्हे आणि कायद्यात टिकणारीही नव्हे.

आणखी एक गोष्ट. सात-बाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नव्हे. फेरफार ही महसुलाची नोंद आहे. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात, पण मालकीचा वाद दिवाणी कोर्टच मिटवतं. म्हणून ज्याचं नाव राहून गेलं असेल त्यानं निराश होऊ नये, आणि ज्याचं एकट्याचं लागलं असेल त्यानं निश्चिंत राहू नये.

आता बँकेतली रक्कम. खात्याला नामनिर्देशन असेल तर बँक त्या माणसाला पैसे देते. पण तो ते पैसे सगळ्या वारसांच्या वतीनं घेतो, एकटा मालक होत नाही. नामनिर्देशन नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर बँक कोर्टाचा वारसा दाखला मागते. त्याला इंग्रजीत सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात. हा दाखला येणं रक्कम, ठेवी आणि रोखे यांच्यापुरता असतो. जमिनीच्या नोंदीसाठी तो लागत नाही. कुणी 'कोर्टाचा दाखला आणल्याशिवाय जमिनीला नाव लागणारच नाही' म्हणून पैसे मागितले, तर आधी तहसील कचेरीत विचारा.

मृत्युपत्र असेल तर ते शोधा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली असली तर मृत्यूनंतर दाखला दाखवून दुय्यम निबंधकाकडून नक्कल मिळते. गावाकडं केलेल्या आणि गावाकडच्याच जमिनीच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र शाबीत करून घेणं, आपल्याकडं सक्तीचं नाही. त्याची नोंद तलाठ्याकडेच होते. बाकीच्या वारसांनी हरकत घेतली तर मात्र कोर्टात जावं लागतं.

मंडळी, आता सगळ्यात नाजूक भागाकडे वळतो. तो म्हणजे अठरा वर्षांच्या आतलं मूल. सात-बाऱ्यावर त्याच्या नावापुढं 'अ.पा.क.' लिहून आईचं नाव येतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप गेल्यावर आई ही कायद्यानंच पालक असते, त्यासाठी वेगळा हुकूम लागत नाही. पण पालक म्हणजे मालक नव्हे.

आपल्या उदाहरणातल्या त्या आईवर सोसायटीचं कर्ज आहे. शेजारचा बागायतदार म्हणतो, "वहिनी, पोराची पालक म्हणून तुमचीच सही चालती. दोन एकर मला द्या, कर्ज फेडून मोकळ्या व्हा." ती स्वतःचा हिस्सा विकू शकते. धाकट्याचा एक एकर मात्र जिल्हा न्यायालयाच्या आगाऊ परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, पाच वर्षांहून जास्त मुदतीनं खंडानंही देता येत नाही. हा १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचा नियम आहे. परवानगीवाचून खरेदीखत झालं, तर मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावून ते रद्द मागू शकतो. म्हणजे आज जमीन मुलाची जाते आणि उद्या पैसा घेणाऱ्याचा बुडतो. घेणाऱ्यानंही हे ध्यानात ठेवावं. जमीन वडिलोपार्जित आणि कुटुंब एकत्र असेल, तर हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. अशा वेळी आधी वकिलाचा सल्ला घ्या.

परवानगीचा अर्ज जमीन ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात करायचा. विकण्याची गरज काय, कर्ज किती, भाव काय येतो, हे कागदांनिशी दाखवायचं. गरज खरी असेल किंवा मुलाचं उघड हित असेल तरच कोर्ट परवानगी देतं आणि मुलाच्या वाट्याची रक्कम बँकेत त्याच्या नावावर ठेवायला सांगू शकतं. आईबाप दोघंही नसतील तर चुलत्यानं किंवा आजोबांनी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी.

जुने कागद काढायचे असतील तर फेरफारापासून मागं मागं जा. आजच्या सात-बाऱ्यावर फेरफाराचे नंबर असतात. तो फेरफार काढला की त्यात खरेदीचा दस्त, वाटणीचा हुकूम किंवा कोर्टाचा दावा नंबर आणि तारीख सापडते. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, आणि पुष्कळ जिल्ह्यांत संगणकावरही मिळतात. दावा नंबर हाती आला की ज्या कोर्टात निकाल झाला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत मागा. अलीकडची प्रकरणं ई-कोर्ट सेवेवर पक्षकाराच्या नावावरूनही शोधता येतात. नुसतं 'आमच्या आजोबांची केस होती' एवढ्यावर कुणाला काही सापडत नाही. नंबर आणि साल हवं.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कुणी हक्क सोडू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती आणि जमाती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

तर मंडळी, थोडक्यात ध्यानात ठेवा. दाखला एकवीस दिवसांत. अपघात असेल तर प्रस्ताव तीस दिवसांत. वारसांची वर्दी तीन महिन्यांत आणि त्यात आई, बायको, मुली सगळ्यांची नावं. आणि अज्ञान मुलाच्या हिश्श्याला जिल्हा न्यायालयाच्या परवानगीवाचून हात लावू नका. ज्यांच्या घरी सात-बारा अजून गेलेल्या माणसाच्या नावावर आहे, त्यांनी या आठवड्यात तलाठ्याकडे अर्ज द्यावा. पेरणीची गडबड सुरू झाली की हे काम पुन्हा मागं पडतं.