‘आले’ आणि ‘आय केम’



मी सॉफ्टवेअरमधली, म्हणून कॉम्प्युटरवर बोलेन असं तुम्हांला वाटलं असेल. पण मी बोलणार आहे इंग्रजी वाक्यावर. आपल्या धरणाकाठच्या गावांतली मुलं मुलाखतीला येतात. कोडिंग जमतं, पण ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की अडकतात. त्यांना वाटतं, आपले उच्चार गावठी. मला विचाराल तर उच्चारांचं काही अडत नाही. शब्दही असतात, वाक्य पुरं होत नाही.

आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० सालापासून ते पहिलीपासून आलं. अडचण तीच राहिली, कारण ती आपल्या मराठीतून येते. दारातून ‘आई, आले गं!’ म्हटलं की झालं वाक्य. कोण आलं, मुलगा की मुलगी, सगळं त्या ‘आले’मध्येच आहे. इंग्रजीत नुसतं ‘केम’ म्हटलं तर आय, ही, दे, कोणीही असेल. म्हणून कर्ता बोलून दाखवावाच लागतो. पावसालासुद्धा ‘इट इज रेनिंग’. हा ‘इट’ कोण, असं विचारू नका. कर्त्याची जागा रिकामी चालत नाही म्हणून तो बसवलाय.

क्रियापदाचंही तसंच. ‘माझे वडील शेतकरी’ हे मराठीत पुरं वाक्य, म्हणून मुलं ‘माय फादर फार्मर’ म्हणतात. तिथं ‘इज अ’ हवंच. ‘आय गोइंग’मध्ये ‘ॲम’ हवा.

आणि ‘बिकॉज’. ‘बिकॉज द बस वॉज लेट’ एवढंच लिहून पूर्णविराम दिला, तर वाक्य लटकतं. बस उशिरा आली, म्हणून काय झालं? ‘आय मिस्ड द एक्झाम बिकॉज द बस वॉज लेट.’ आता पुरं झालं.

हे फक्त मुलांचंच नाही बरं का. ऑफिसात इंजिनिअर मेल पाठवतात, ‘चेक्ड. नॉट वर्किंग.’ कोणी तपासलं, काय बंद आहे, हे विचारण्यात अर्धा तास जातो.

आपल्या घराघरांत एक वाक्य आहे, ‘धरणात गाव उठलं.’ शब्दाला शब्द ठेवून ‘व्हिलेज गॉट अप’ केलं, तर गाव झोपेतून जागं झालं असं वाटेल! ‘आवर व्हिलेज वॉज मूव्ह्ड बिकॉज द उजनी डॅम वॉज बिल्ट.’ स्वतःबद्दल सांगायला मुलांनी इथूनच सुरुवात करावी. समोरचा पुढचा प्रश्न विचारणारच, आणि त्याचं उत्तर त्यांना घरातूनच माहीत आहे.

जेवणानंतर दहावीच्या मुली वर्गात थांबणार आहेत. पंगतीनंतर ज्यांना डुलकी येणार नाही, त्यांनी माझ्याबरोबर या.