नॉर्दर्न लाईट्सची रात्र: गाईड नेमकं शोधतो काय?

(या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप, ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी.)

 

आजचा प्रश्न तुमच्याकडूनच आलाय, आणि तोही बऱ्याच जणांकडून. नॉर्दर्न लाईट्स बघायला जायचंय, पैसे साठवतोय, व्हिसाचं बघतोय. पण तिथे ती रात्रीची गाईडेड टूर असते ना, सहा-सात तास बसमधून फिरवणारी, ती घ्यावी का? की फोनवर ॲप टाकून आपलं आपण बघावं?

प्रश्न रास्त आहे. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये छोट्या मिनीबसच्या टूरला माणशी साधारण पंधरा हजार रुपयांच्या आगेमागे जातात. हंगामानुसार कमीजास्त. आईबाबांना घेऊन चौघं गेलात तर एका रात्रीचे साठ हजार. आणि एवढे देऊनही दिसेलच याची खात्री नाही! मग पैसे नेमके कशाचे मोजतोय, हे आधी कळायला हवं. आज तेवढंच बोलूया. उदाहरण ट्रॉम्सोचं घेते, कारण मी ही टूर तिथेच केली.

आधी जागा समजून घ्या. ट्रॉम्सो हे उत्तर नॉर्वेतलं बेटावरचं शहर. आर्क्टिक वृत्ताच्याही साधारण साडेतीनशे किलोमीटर वर. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती एक मोठं कडं असतं, ज्यात हा प्रकाश जवळपास रोज कमीजास्त चालू असतो. ट्रॉम्सो रात्री त्या कड्याच्या खालीच येतं. सप्टेंबर ते मार्चअखेर तिथे पुरेसा अंधार असतो. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तर सूर्य उगवतच नाही.

आता मुद्द्याचं. आपण सगळे फोनवर एक आकडा बघत बसतो, केपी. शून्य ते नऊ. चुंबकीय वादळ किती जोरात आहे ते सांगणारा. केपी पाच झाला की ग्रुपवर उड्या, केपी एक असला की सुतक. पण ट्रॉम्सोत केपी एक-दोन असतानाही प्रकाश दिसू शकतो, कारण तुम्ही कड्याच्या खालीच उभे आहात! हा आकडा जास्त महत्त्वाचा आहे तो दक्षिणेकडे, लांब राहणाऱ्यांना.

ट्रॉम्सोची खरी अडचण आहे ढग. समुद्र जवळ, त्यात उबदार प्रवाह. त्यामुळे इतक्या उत्तरेला असूनही जानेवारीत तिथलं सरासरी तापमान शून्याच्या खाली चार अंशांच्या आसपासच असतं. पण त्याच समुद्रामुळे पाऊस, बर्फ आणि ढगही भरपूर. वर शंभर किलोमीटरवर प्रकाशाचा सोहळा चाललेला, आणि खाली दोन-तीन किलोमीटरवर ढगांची गोधडी. कोजागिरीला दूध आटवून तयार आहे, गच्चीवर सतरंजी टाकलीय, आणि चंद्र ढगाआड. अगदी तसं.

म्हणून गाईड शोधतो ती ढगांमधली फट. प्रकाश शोधत तो फिरत नाही. प्रकाश असतोच किंवा नसतो, त्यावर कोणाचा हात नाही. पण शंभर-दीडशे किलोमीटरच्या परिसरात कुठेतरी आकाश मोकळं असू शकतं. आज ते कुठे असेल, किती वाजता, आणि तिथे पोचेपर्यंत टिकेल का, हे ओळखणं म्हणजे त्याचं कसब.

ताडोबाला गेला असाल तर पटकन कळेल. वाघ दिसण्याची हमी तिथला गाईड देत नाही. पण पाणवठा कुठला, ठसे ताजे आहेत की शिळे, वानर ओरडलं ते कशामुळे, हे त्याला कळतं. जिप्सी कुठे उभी करायची, किती वेळ थांबायचं, हे तो ठरवतो. इथे वानराच्या जागी उपग्रहाचं ढगांचं चित्र असतं, आणि 'यर' नावाची नॉर्वेची सरकारी हवामानसेवा. ती तुम्हालाही फुकट बघता येते. फरक वाचणाऱ्याचा. कुठल्या वाऱ्यात कुठली दरी कोरडी राहते, हे तिथे अनेक हिवाळे काढलेल्या माणसाला माहीत असतं.

उदाहरण देते. ट्रॉम्सोच्या पूर्वेला लिंगेन आल्प्स नावाचे डोंगर आहेत, अठराशे मीटरपर्यंत उंच. पश्चिमेकडून येणारे ढग त्यांच्यावर रिकामे होतात. पलीकडे शीबोटनची दरी त्यामुळे बरीच कोरडी. आपल्याकडे महाबळेश्वरला धो धो आणि वाई ओलांडून पुढे गेलं की ऊन, तोच हिशोब. म्हणून ढगाळ रात्री बऱ्याच गाड्या त्या दिशेने पळतात. तिथेही जमलं नाही तर आणखी पुढे, सीमा ओलांडून फिनलंडमध्ये, किल्पिसयार्वीपर्यंत. शहरापासून अडीच तासांच्या आसपास. सीमेवर फारसं कोणी अडवत नाही, पण पासपोर्ट जवळ ठेवायला सांगतात, ते ऐका. आणि फोनमधलं घड्याळ अचानक एक तास पुढे गेलं तर घाबरू नका, फिनलंडची वेळच एक तास पुढे आहे.

आता ती रात्र कशी जाते ते सांगते, म्हणजे रीलमध्ये न दिसणारा भाग कळेल.

संध्याकाळी सहा-सातला शहरातून निघतात. बहुतेक टूरमध्ये अंगात घालायला जाडजूड थर्मल सूट देतात, काही ठिकाणी बूटही. ते घ्या, लाजू नका. शहरात उणे चार असलं तरी आतल्या भागात उणे वीस किंवा त्याहून खाली जाऊ शकतं. मग प्रवास. एक तास, दोन तास. बाहेर काळोख, बर्फाळ रस्ता. मध्ये एखाद्या पेट्रोल पंपावर थांबा. तिथे टॉयलेटला जाऊन याच, कारण पुढे जिथे उभं राहायचंय तिथे काहीही नाही. आईबाबा बरोबर असतील तर ही गोष्ट आधीच विचारून ठेवा. कॅमेऱ्याच्या लेन्सपेक्षा महत्त्वाची आहे!

मग कुठल्यातरी फियोर्डच्या काठी किंवा माळरानावर गाडी थांबते. दिवे बंद. आणि वाट बघणं सुरू. शेकोटी असते, हॉट चॉकलेट असतं, बिस्किटं, कधी सूप. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा. खिशात चिक्की ठेवा, फार कामाला येते.

आमच्या गाडीत बारा जण होतो. सव्वानऊपासून उभे. साधारण पावणेअकराला गाईडने उत्तरेला बोट दाखवलं. सगळे बघतायत. डोंगरावर एक फिकट, राखाडी पट्टा. ढगासारखा. माझ्या शेजारचे एक काका हळूच म्हणाले, "हे? एवढ्यासाठी?" तेव्हाच एका मुलीने तिथे फोन धरला, तीन सेकंदांचा फोटो घेतला आणि स्क्रीनवर हिरवागार पट्टा! काका एकदा स्क्रीनकडे बघतायत, एकदा आकाशाकडे.

मंडळी, यात फसवणूक नाही. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग ओळखता येत नाहीत. त्यामुळे प्रकाश फिका असला की आपल्याला तो राखाडी-पांढरा दिसतो. फोन मात्र तीन-चार सेकंदांचा प्रकाश साठवून एकच चित्र बनवतो, म्हणून रंग उठून येतो. प्रकाश वाढला की डोळ्यांनाही हिरवा दिसतो. आणि खूप जोरात असला तर खालच्या कडेला गुलाबी झाकसुद्धा. आम्हाला त्या रात्री पुढे हिरवा दिसला, साधारण दहा मिनिटं. तो पट्टा हलायला लागला, पडद्यासारख्या चुण्या पडायला लागल्या, आणि ते हलणं कुठल्याच फोटोत आलं नाही. रंगात फोन आपल्याला हरवतो, पण हालचाल बघायची तर डोळेच हवेत. म्हणून माझं ऐका: पाच फोटो काढा आणि फोन खिशात टाका. स्क्रीनच्या उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडते, ती पूर्ण परत यायला वीस मिनिटं तरी लागतात. शिवाय थंडीत बॅटरी भराभर उतरते, ती अंगाजवळच्या खिशात टिकते.

आता थोडं विज्ञान, दोन मिनिटांत. सूर्याकडून सतत विद्युतभारित कणांचा वारा येत असतो. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा भरतो. मग तिथले इलेक्ट्रॉन वेगाने ध्रुवांच्या बाजूला खाली उतरतात आणि वातावरणातल्या वायूंवर आदळतात. शंभर ते दीडशे किलोमीटरवरचा ऑक्सिजन हिरवा प्रकाश देतो. दोनशेच्या वरचा ऑक्सिजन लाल. नायट्रोजनमुळे निळा-जांभळा. हे कोडं सोडवायला नॉर्वेचेच क्रिस्टियान बिर्कलँड झटले. १८९९ साली आल्टाजवळच्या हाल्डे डोंगरावर, भर हिवाळ्यात त्यांची वेधशाळा होती. पुढे त्यांनी हवा काढलेल्या पेटीत चुंबकीय गोळा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉन सोडले, तर गोळ्याच्या ध्रुवांपाशी उजेड पडला! नॉर्वेने नंतर त्यांना दोनशे क्रोनरच्या नोटेवर बसवलं.

त्यांच्या कितीतरी आधीपासून तिथले मूळ रहिवासी, सामी लोक, हा प्रकाश बघत आलेत. त्यांच्यात जुनी समजूत आहे की या प्रकाशाखाली शीळ घालू नये, त्याला डिवचू नये. आपल्याकडे रात्री शिट्टी वाजवली की आजी ओरडते ना, तसंच.

बरं, मग टूर घ्यावी का? माझं उत्तर असं.

पहिलं, रात्री मोजा. एका रात्रीसाठी ट्रॉम्सोला जाऊ नका. किमान तीन, जमल्यास चार. सगळे पैसे एका महागड्या टूरमध्ये घालण्यापेक्षा एक रात्र जास्त राहणं परवडतं.

दुसरं, टूर शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका. सुरुवातीला घ्या. नाही दिसलं तर हातात रात्री उरतात. काही कंपन्या प्रकाश दिसला नाही तर पुन्हा नेतात किंवा पुढच्या वेळी सवलत देतात. 'गॅरंटी' म्हणजे बहुतेकदा एवढंच. पैसे परत असा त्याचा अर्थ नसतो, तेव्हा अटी वाचा. आणि परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी सकाळी असेल तर त्या गॅरंटीचा उपयोग काय?

तिसरं, बुक करताना हे विचारा. ठरलेल्या एकाच तळावर नेणार की ढग बघून जागा बदलणार? जास्तीत जास्त किती लांब जाता? फिनलंडला जाता का? गाडीत किती जण? पन्नास जणांची बस स्वस्त पडते, पण ती कुठल्याही आडवाटेला थांबू शकत नाही. आणि परवाना. नॉर्वेत पैसे घेऊन प्रवासी नेायला परवाना लागतो. कोणी सोशल मीडियावर अर्ध्या किमतीत "माझ्या गाडीतून नेतो" म्हणालं तर दोनदा विचार करा. रात्र आहे, रस्त्यावर बर्फ आहे.

याच कारणासाठी, गाडी भाड्याने घेऊन स्वतः जायचं म्हणणाऱ्यांनाही सांगते. पुणे-मुंबई रोज चालवत असाल, तरी काळ्या बर्फावर ब्रेक मारणं ही वेगळी विद्या आहे. त्यात चालवणारा आकाशाकडे बघत असतो. बर्फात गाडी चालवायची सवय नसेल, तर टूरच्या पैशातले निम्मे ड्रायव्हरचे समजा.

आणि टूर कधी नको? आकाश स्वच्छ असेल तेव्हा. शहरातच, बेटाच्या माथ्यावर प्रेस्तवान्ने नावाचं तळं आहे. उजेड कमी, शहरातून चालत जाता येतं. निरभ्र रात्री तिथे उत्तरेकडे तोंड करून तासभर उभे राहा. खर्च शून्य. म्हणजे गंमत बघा, आकाश मोकळं असेल तर गाईडची गरज सगळ्यात कमी, आणि ढग असतील तर सगळ्यात जास्त. रोज दुपारी ढगांचं चित्र बघायची सवय लावा, तुमचं तुम्हालाच कळायला लागेल.

एक शेवटचं. १० मे २०२४ ची रात्र आठवते? फार मोठं सौरवादळ आलं होतं, आणि लडाखमध्ये हानलेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाल झाक टिपली होती. लालच का? कारण इतक्या लांबून फक्त सगळ्यात वरचा, लाल थर क्षितिजावर डोकावतो. म्हणजे कधीमधी तो आपल्या दारातही येतो. पण असा वर्षानुवर्षांतून एकदा. त्याच्या दारात जायचं असेल तर रजा जोडून घ्या, गरम मोजे दोन जोड घ्या, आणि टूरवाल्याला पहिला प्रश्न विचारा: "ढग असले तर आम्हाला कुठे नेणार?" त्याचं उत्तर ऐकलंत की पैसे द्यायचे की नाही ते तुम्हीच ठरवाल.

पुढच्या भागात शेंगेन व्हिसाची कागदपत्रं, तुमचे प्रश्न पाठवून ठेवा. भेटूया मग. काळजी घ्या!