पांढऱ्या फरशीचा धडा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हज करून आलेले बुजुर्ग आहेत. त्यांना एक गोष्ट जरूर विचारा : मक्केत भर दुपारी अनवाणी तवाफ करताना पाय का भाजत नाहीत? उत्तर तेथील फरशीत आहे. ग्रीसमधील थासोस बेटावरचा तो शुभ्र संगमरवर ऊन अंगात मुरवून घेत नाही; बरेचसे परत पाठवतो. याउलट नवा डांबरी रस्ता ९० टक्क्यांहून अधिक ऊन गिळतो आणि रात्री उशिरापर्यंत शहरावर ओकत राहतो.

हेच तत्त्व सौदी सरकारने २०२३ मध्ये मिना येथे जमरातकडे जाणाऱ्या पायवाटेला लावले. २०२४ मध्ये अरफातच्या नमिरा मशिदीच्या परिसरातही लेप दिला. तरीही त्याच वर्षीच्या कडक उन्हात, हजच्या काळात १,३०१ माणसे दगावली. त्यांतील शेकडा ८३ जणांजवळ परवाना नव्हता. ते निवाऱ्यावाचून उन्हात लांबवर चालले होते. पांढरा रस्ता उपयोगी खरा, पण तो सावलीची आणि पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

अमेरिकेतील फीनिक्स शहराने २०२० पासून रस्त्यांना फिकट लेप दिला आणि परिणाम मोजला. दुपारी रस्ता डांबरापेक्षा सुमारे ६ अंश सेल्सिअसने थंड राहिला. मात्र परत फिरलेले ऊन वाटसरूच्या अंगावर आले आणि त्याला अधिक उष्णता सोसावी लागली.

मग ऊन परतवावे कोठे? जेथे माणूस चालत नाही तेथे, म्हणजे छपरावर! उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांतील शहरांची छपरे आणि रस्ते फिकट केले, तर ४४ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमुळे होणाऱ्या तापमानवाढीची भरपाई होईल, असा हिशेब अकबरी, मेनन आणि रोझेनफेल्ड या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडला. धूर कमी करण्याला हा पर्याय नव्हे; पण त्याने थोडी उसंत मिळते. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे काम सुरू झाले.

पालकांनो, आपली कितीतरी मुले तापलेल्या पत्र्याखाली परीक्षेचा अभ्यास करतात. मुलगी पुस्तक मिटून उठली की आपण रागावतो. वर पत्र्याकडे मात्र पाहत नाही. ऊन तापण्याआधी छपराला पांढऱ्या रंगाचा एक हात द्या. तोही तिच्या शिक्षणावरचाच खर्च आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या, एक काळा रंगवा, एक पांढरा. दोन्ही उन्हात ठेवा आणि आतले तापमान आठवडाभर वहीत लिहा. ऐकलेले पडताळून पाहणे हाच खरा इल्म. पुढील स्मरणिकेत तुमचे आकडे छापून यावेत, हीच दुआ.